रेडिएटरसमोरची उदबत्ती

फोटोत रामेश्वर मयेकर गुडघ्यांवर बसला आहे. समोर काळ्यापांढऱ्या चट्ट्यापट्ट्यांची एक बुटकी गाडी, हातात पेटलेली उदबत्ती, डोळे अर्धवट मिटलेले. खाली इंग्रजीत एक ओळ. तिचा अर्थ असा, की दुबईत एका स्थानिक पुजाऱ्याने आमच्या नव्या गाडीला आशीर्वाद दिला. अमेरिकेतल्या एका मोटार कंपनीच्या गुळगुळीत अंकात, दोन हजार चारच्या जानेवारीत, हे छापून आलं. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. तिने रामेश्वरचं लिहिलं नाही, तेव्हा फिट्टंफाट.

एका ओळीत तीन चुका बसवायला हुशारी लागते. रामेश्वर स्थानिक नाही, मालवणजवळच्या आचऱ्याचा आहे. पुजारी तर त्याच्या सात पिढ्यांत कुणी नव्हतं. आणि आशीर्वाद त्याने त्या गाडीला एकदाही दिला नाही. शिव्या दिल्या, त्याही निवडक. डोळे मिटले होते कारण धूर डोळ्यांत जात होता.

रामेश्वर ब्याण्णव साली दुबईत आला. त्याआधी सहा वर्षं तो कणकवलीत ट्रकांचे रेडिएटर उघडत होता, गळती शोधून डाग देत होता, परत बसवत होता. एजंटाच्या हाताला जो व्हिसा लागला त्यावर हुद्दा होता हेल्पर. एजंट म्हणाला, पाटी काय बघतोस, काम बघ. रामेश्वरने काम बघितलं. अकरा वर्षं बघितलं. दुबईच्या देरा भागातल्या गॅरेजात पहिल्या महिन्यापासून तो मेकॅनिकचं काम करत होता आणि कागदावर हेल्परच राहिला होता. त्या कागदाचा एकच अर्थ त्याला छळायचा. हेल्परला बायकोमुलं आणता येत नाहीत.

बायको सगुणा आचऱ्यात. मुलगी समिधा पंचाण्णवची. दोन वर्षांतून एकदा मिळणाऱ्या सुट्टीत रामेश्वर घरी जायचा. ती झाल्यावरच्या पहिल्या सुट्टीत समिधा त्याला बघून रडली. दुसऱ्या सुट्टीत लपली. तिसऱ्या सुट्टीत मात्र चांगली मोठी झाली होती, तेव्हा जेवताना तिने शांतपणे आईला विचारलं, "आये, हे परत कधी जातले?"

रामेश्वरने त्या दिवशी दुसऱ्यांदा भात घेतला नाही. परत आल्यावर तो पाटी बदलून मागायला लागला आणि मागतच राहिला.

मागायचं कुणाकडे, हा प्रश्न होता. गॅरेजचा मालक म्हणजे अरबाब. तो आठवड्यातून दोनदा यायचा, सगळ्यांना 'रफीक' म्हणायचा आणि जायचा. रफीक म्हणजे मित्र. इतके मित्र असलेल्या माणसाला त्यातल्या एकाचंही नाव माहीत नव्हतं. नव्व्याण्णव साली गॅरेज देरामधून उचलून दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये गेलं, मोठी शेड झाली, आणि वर्षभरात त्या शेडला शोभेल असा सर्व्हिस मॅनेजर आला. शैलेंद्र पाटणकर, पुण्याचा. शैलेंद्रला कुणी स्वतःच्या हाताने बोनेट उघडताना पाहिलं नाही. उघडलेल्या बोनेटशेजारी उभं राहून फोटो काढताना मात्र सगळ्यांनी पाहिलं. तो गिऱ्हाइकांशी अमेरिकन बोलायचा, अरबाबशी मान डोलावून बोलायचा आणि रामेश्वरशी मराठीत बोलायचा तेव्हा आवाजात असा मोठेपणा असायचा, की जणू मातृभाषा ही त्याने दिलेली सवलत आहे.

दोन हजार तीनच्या जूनमध्ये शैलेंद्रने रामेश्वरला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. अमेरिकेहून एक टीम येतेय, म्हणाला. नवी स्पोर्ट्स कार बनवतायत. इंजिन पुढे नाही, मागेही नाही, मधोमध, ड्रायव्हरच्या पाठीमागे. वजन मधे आलं की गाडी वळणावर खिळून राहते. आता तिची उन्हातली परीक्षा इथे होणार, आपल्या शेडमध्ये, आणि त्यांना थंडावा समजणारा एक माणूस हवाय.

"लिसन, रामेश्वर. हे लोक खूश होऊन गेले पाहिजेत. तक्रार नको, शहाणपण नको. ट्रायल क्लीन गेली की तुझी पाटी टेक्निशियन करतो. माझा शब्द."

"आणि काय बिघडलेला दिसला तर?"

"तुला नाही दिसणार."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात विमानातून दोन गाड्या उतरल्या. उंची माणसाच्या कमरेएवढी. बाहेरून चट्टेपट्टे रंगवलेले, म्हणजे आकार कळू नये. वाळवंटात ही झेब्र्याची जोडी बघायला उंटसुद्धा थांबले असतील. बरोबर वॉल्ट नावाचा मुख्य इंजिनियर, पन्नाशीचा, लाल कानांचा. त्याचा एक सहायक. आणि अ‍ॅशले नावाची प्रसिद्धीवाली, जी दिवसभर कॅमेरा गळ्यात घालून "अमेझिंग" म्हणायची. शेडला, वाळूला, समोशाला, एकच शब्द.

परीक्षा कशी घ्यायची याचं जाड पुस्तक त्यांनी आणलं होतं. पहाटे दोन्ही गाड्या लिवाच्या वाळवंटाकडे जाणाऱ्या वाटेवर न्यायच्या, रिकामा रस्ता बघून त्या सोडायच्या, आणि तासाला तीनशे किलोमीटरच्या आसपास गेल्या की परत आणायच्या. अंगावर चौसष्ट जागी तापमान मोजणाऱ्या तारा, त्या सगळ्या एका लॅपटॉपला. लॅपटॉप हिरवा दाखवायचा. शैलेंद्र टाळ्या वाजवायचा. वॉल्ट पुस्तकात खूण करायचा.

रामेश्वर हाताची पालथी बाजू लावायचा. गाडी शेडमध्ये येऊन उभी राहिली, की सीटच्या मागच्या पत्र्याला, मग बाजूच्या हवा घेण्याच्या खाचांना, मग पुढच्या रेडिएटरच्या कडेला. सुटलेली गाडी थंड होती, त्यात नवल नव्हतं. तीनशेच्या वेगाने समोरून वारा घुसला तर तंदूरसुद्धा थंड होईल. पण उभी राहिली की पाच मिनिटांत मागचा पत्रा हात काढून घ्यायला लावत होता. मधलं इंजिन म्हणजे चारी बाजूंनी बंद. उभ्या गाडीत तिथली आग बाहेर जायला वाटच नव्हती. ती सीटखालून, बाजूने सरकत पुढे यायची आणि रेडिएटरचा पंखा तीच गरम हवा परत आत ओढायचा.

त्याने शैलेंद्रला सांगितलं. शैलेंद्रने लॅपटॉपकडे बोट दाखवलं. चौसष्ट तारा खोट्या आणि तुझा हात खरा का, असं विचारून वर म्हणाला, की अशा गाड्या उभ्या ठेवायला कुणी विकत घेत नाही.

आता हे ऐकून आख्ख्या दुबईने हसावं. कारण इथे गाडी विकत घेतात तीच मुळी उभी ठेवायला. संध्याकाळी कुठल्याही कॅफेटेरियासमोर जाऊन बघा. लॅंडक्रूझर आणि पॅट्रोल असल्या धिप्पाड जीपगाड्यांच्या रांगा. कुणी उतरत नाही. हॉर्न वाजवायचा, मल्याळी वाढपी धावत येतो, खिडकी बोटभर खाली होते, करक चहा आत जातो. करक म्हणजे उकळून उकळून लाल केलेला, दुधाचा, वेलची घातलेला. इंजिन चालू, एसी फुल, एकाचे दोन कप, दोनाचे तीन. चाळीस मिनिटं, कधी तास. बाहेर सेहेचाळीस डिग्री. ही गाडी ज्यांना विकायची होती ते सगळे त्याच रांगेत बसायचे, आणि मिशिगनमध्ये लिहिलेल्या त्या जाड पुस्तकात चहा हा शब्द नव्हता.

ट्रायलचे तीन दिवस उरले. वॉल्टचा सहायक उन्हाने आडवा होऊन हॉटेलात पडला. शैलेंद्र मरीना भागात गेला होता, अजून बांधून न झालेल्या इमारतीतला स्वतःचा बुक केलेला फ्लॅट, म्हणजे हवेतली एक चौकोनी जागा, चौथ्यांदा बघायला. लॅपटॉप धरायला माणूस नव्हता. वॉल्टने रामेश्वरला शेजारी बसवलं.

पाटी, सगुणा, समिधा, सगळं त्या सीटवर त्याच्या मांडीवर होतं, लॅपटॉपखाली. तोंड उघडलं तर गेलं. नाही उघडलं तर ही गाडी इथून क्लीन म्हणून जाणार, उद्या कुणाच्या तरी दारात पेटणार, आणि तिला थंड म्हणणारा माणूस तो असणार. रेडिएटरवाल्याची एवढीच अब्रू असते. मागे रूमवर सॅव्हियोने, म्हणजे ऑफिसात कागदपत्रं बघणाऱ्या वसईच्या त्याच्या मित्राने, त्याला विचारलं होतं, की शैलेंद्रने नक्की काय मना केलंय. बोलायला, रामेश्वर म्हणाला होता.

मग तो बोललाच नाही. त्याने फक्त विचारलं, "सर, टी?"

जुमैराच्या रस्त्यावर एका कॅफेटेरियासमोर गाडी लागली. वॉल्ट दार उघडायला गेला तेव्हा रामेश्वरने मान हलवली आणि हॉर्नकडे बोट दाखवलं. वॉल्टने हॉर्न वाजवला. चहा आला. वॉल्टने घोट घेतला, खूश झाला, आजूबाजूच्या गाड्यांकडे बघितलं.

"कुणी उतरत का नाही?"

"फॉर्टी सिक्स, सर."

"आणि इंजिन बंद का नाही करत?"

रामेश्वरने एसीच्या जाळीवर हात ठेवून दाखवला. वॉल्ट हसला. दुसरा कप मागवला. अठराव्या मिनिटाला जाळीतून येणारी हवा कोमट झाली. बाविसाव्याला ती कुणाच्या तरी तोंडातून आल्यासारखी झाली. पाठीमागून तापलेल्या प्लॅस्टिकचा वास यायला लागला. सव्विसाव्या मिनिटाला जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्यांपैकी एक गाडी उचकी देऊन बंद पडली. तिच्या दोन्ही बाजूंच्या, वीस-वीस वर्षांच्या, अंगावर ओरखडे असलेल्या पॅट्रोल गुरगुरत उभ्याच होत्या. पलीकडच्या पांढऱ्या पॅट्रोलमध्ये अरबाब बसला होता. त्याने काच बोटभर खाली करून बघितलं आणि परत वर घेतली.

लॅपटॉप लाल झाला होता. वॉल्टने कप खाली ठेवला. मग विचारलं, लोक असे किती वेळ बसतात.

"वन अवर, सर. डेली."

"आम्हाला हे कुणी सांगितलं नाही."

रामेश्वर चहा प्यायला. मना केलेलं त्याने अजूनही केलं नव्हतं.

शैलेंद्र मरीनाहून धावत आला. तो वॉल्टची माफी मागत होता, अर्धी अमेरिकन आणि अर्धी पुणेरी. मधे रामेश्वरकडे वळून दातांखालून म्हणाला, "विसर आता पाटी."

पण वॉल्ट जायचा थांबला, तीन आठवडे. आता रामेश्वरला हात लावायची परवानगी होती. देरामध्ये पाण्याचे टँकर दुरुस्त करताना त्याने एक युक्ती बसवली होती. हवा दिसत नाही, पण धूर दिसतो. इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या कडेला उदबत्ती धरायची. धूर सरळ आत गेला तर ठीक. बाजूने वळून परत तोंडाशी आला तर समजायचं की गाडी स्वतःचाच श्वास परत घेतेय. उदबत्तीही साधी लागते, बारीक आणि सरळ धुराची. बर दुबई या जुन्या वस्तीतल्या पूजेच्या दुकानातून तो पुडाच आणायचा. देवाला त्यातली एक काडी कधी मिळाली नव्हती.

तो गाडीसमोर गुडघ्यांवर बसला, काडी धरली. धूर आत गेला, चाकाजवळून गोल फिरला आणि त्याच्याच डोळ्यांत आला. वॉल्ट पोटावर आडवा होऊन बघत होता, त्याला कळलं. मागे अ‍ॅशले "अमेझिंग" म्हणाली आणि कॅमेरा वाजला. शैलेंद्रने तिला इंग्रजीत काहीतरी समजावलं, हात जोडून दाखवले. तिने वहीत लिहून घेतलं. त्याने काय सांगितलं ते जानेवारीत कळलं.

फटी बुजवायला रामेश्वरने करामा वस्तीतल्या आपल्या रूमवरच्या जुन्या गादीतला स्पंज कापून रेडिएटरभोवती ठोकून भरला. मागे, इंजिनाच्या डोक्यावर, बाहेर हवा फेकणारे दोन पंखे लावले, गाडी बंद केली तरी दहा मिनिटं फिरत राहणारे. मग ते परत कॅफेटेरियासमोर जाऊन बसले. पाच कप झाले, गाडी चालू. वॉल्टने सतरा पानी अहवाल लिहिला. मिशिगनमध्ये त्या स्पंजाला पार्ट नंबर मिळाला. करामातल्या गादीला नंबर मिळाला, ती कापणाऱ्याला नाही. अहवालात 'स्थानिक साहाय्य' असे दोन शब्द होते. वॉल्टने जाताना रामेश्वरचा हात जोरजोरात हलवला, टोपी दिली आणि गेला. वाईट माणूस नव्हता. फक्त आपण नाव विचारलं नाही हे त्याच्या लक्षात आलं नाही.

शैलेंद्रला काचेचा मेमेंटो आला. तो केबिनमध्ये खिडकीशी ठेवला, बाहेरून दिसेल असा. रामेश्वरने पाटीचं विचारलं तर म्हणाला, "इन्शाल्ला." अरबाने म्हटलेल्या इन्शाल्लात निदान देव तरी असतो. शैलेंद्रच्या इन्शाल्लात नुसता नकार होता, अत्तर लावलेला.

फेब्रुवारीत रामेश्वरचा व्हिसा संपत होता. जानेवारीच्या अखेरीला सॅव्हियो त्या अंकाची प्रत घेऊन आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मयेकर, पाटणकरने हा फोटो अरबाबला दाखवलाय. सांगितलंय, हा माणूस गॅरेजात पूजापाठ करतो, व्हिसा रिन्यू करू नका. उद्या अकराला तुला बोलावलंय."

आता पाटीचा प्रश्नच उरला नव्हता. विमानाचा होता. सगुणाला फोन करायचा म्हणून तो बूथपर्यंत गेला आणि परत आला. काय सांगणार, मी पुजारी म्हणून पकडला गेलो.

दुसऱ्या दिवशी अकराला अरबाब टेबलामागे, अंक समोर, शैलेंद्र बाजूला हात बांधून. अरबाबने फोटोवर बोट ठेवलं. त्याची हिंदी गल्फची होती, क्रियापदं जागच्या जागी सोडून दिलेली.

"ये क्या? तुम पंडित?"

"नहीं अरबाब. रेडिएटर."

"धुआं क्यों?"

शैलेंद्र मधे बोलायला गेला. रामेश्वरने पहिल्यांदाच त्याला बोलू दिलं नाही. म्हणाला, अरबाब, तुमची पॅट्रोल या थंडीच्या दिवसांतही कॅफेटेरियासमोर अर्ध्या तासाने गरम हवा फेकते. मी बघतो, तुम्ही काच खाली करता. अरबाबने अंक मिटला. हे त्याच्या घरात कुणी बोलायचं धाडस केलं नव्हतं, पण ते खरं होतं.

"धुआं तो हमारा घर में भी," अरबाब म्हणाला. रोज संध्याकाळी त्याच्या घरात ऊद जळायचा, त्याने कुणी पंडित झालं नव्हतं. तो उठला. "यल्ला. दिखाओ."

पॅट्रोल शेडमध्ये आली. इंजिन चालू. रामेश्वरने काडी पेटवली, गुडघ्यांवर बसला, बरोबर फोटोतल्यासारखा. अरबाब पांढरा पायघोळ झगा, म्हणजे कंदुरा, सावरून शेजारी वाकला. धूर आत गेला, कडेने फिरला आणि दोघांच्या तोंडावर आला. अरबाब खोकला. शैलेंद्रने रुमाल पुढे केला, तो कुणी घेतला नाही. रामेश्वरने स्पंज भरला, परत काडी धरली. धूर आत गेला आणि आला नाही.

त्या संध्याकाळी अरबाब कॅफेटेरियासमोर सव्वा तास बसला, असं सॅव्हियो सांगतो. सकाळी नेहमीचा दिवस नसताना गॅरेजात आला आणि शैलेंद्रला विचारलं, ह्याच्या कागदावर काय लिहिलंय.

"हेल्पर, सर. सिस्टममध्ये तसंच आहे."

"सिस्टम कौन? तुम." मग एकच वाक्य. "टेक्निशियन लिखो. आज. खलास."

हे औदार्य होतं असं कुणी म्हणू नये. गाडी थंड झाली नसती तर रामेश्वर त्या आठवड्यात आचऱ्याला असता. आणि दारापर्यंत जाऊन अरबाब मागे वळला, तेव्हा त्याने विचारलं, "रफीक, तुम्हारा नाम क्या?" बारावं वर्ष चालू होतं.

मेमध्ये सगुणा आणि समिधा आल्या. करामात एक खोली, अर्ध्या भिंतीमागे स्वयंपाक. पहिल्या संध्याकाळी समिधाने आईला विचारलं, की हे सकाळी गेले तर रात्री परत येतत काय. सगुणा हो म्हणाली. समिधाला ते पटायला आठवडा लागला. वर्षभरात ती इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली, ती गोष्ट वेगळी.

सॅव्हियोने तो फोटो फ्रेम करून आधीच भिंतीवर लावून ठेवला होता. सगुणाने पिशव्या खाली ठेवल्या, फोटो बघितला, खालची ओळ सॅव्हियोकडून समजून घेतली.

"बारा वर्सां देवाक एक काडी लावलात नाय," ती म्हणाली, "आणि गाडयेसमोर गुडघे टेकलात?"

"देवाचो रेडिएटर खय तापता?" रामेश्वर म्हणाला.

सगुणाने खिडकीतला उदबत्तीचा पुडा उचलला, एक काडी काढली आणि बाकीचा पुडा त्याच्या कामाच्या पिशवीत टाकला.